वाचकांचे प्रश्न : रीफ टाकीतला चिवट लाल थर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची असल्यामुळे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ टाकीत वाळूवर आणि खडकांवर पसरणारा, काढला तरी पुन्हा डोके वर काढणारा लाल-जांभळा बुळबुळीत थर, म्हणजेच सायनोबॅक्टेरिया, हा तो विषय. ज्या पत्रांतील शंका सारख्याच होत्या ती पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी रीफ टाकी ३०० लिटरची असून तिला दोन वर्षे पूर्ण झाली आहेत. तीत मऊ प्रवाळ, काही युफिलिया आणि दोन-तीन मोंटिपोरा हे कठीण सांगाड्याचे प्रवाळ (काष्ठप्रवाळ) आहेत. गेल्या काही महिन्यांपासून वाळूवर आणि खडकांच्या पायथ्याशी लालसर थर येतो व काढल्यावर आठवड्याभरात परततो. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.१२ पीपीएम (दहा लाखांत भाग) आहे. फॉस्फेट उतरावे म्हणून मी रोज व्हिनेगर देतो. लाल थरावरचे तयार औषधही दोनदा वापरले. दोन्ही वेळा टाकी दोन-तीन दिवसांत स्वच्छ झाली आणि महिन्याभरात पुन्हा जैसे थे. माझे नेमके कोठे चुकते आहे?

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तराचा मोठा भाग आलेला आहे. शून्य नायट्रेट, ०.१२ फॉस्फेट आणि रोजचे व्हिनेगर या तीन गोष्टी एकत्र वाचल्या, तर थर परत का येतो ते बरेचसे उलगडते. औषध निकामी ठरले असे म्हणता येणार नाही, कारण त्याने आपले काम दोन्ही वेळा केले. मात्र ज्या परिस्थितीने थराला जागा दिली होती, ती दोन्ही वेळा तशीच राहिली.

सायनोबॅक्टेरिया हे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू आहेत आणि त्यांची उपासमार करणे शेवाळाच्या उपासमारीइतके सोपे नाही. शेवाळाला नायट्रोजन हवा असेल, तर तो पाण्यातून बहुतांशी नायट्रेटच्या किंवा अमोनियाच्या रूपात घ्यावा लागतो. सायनोबॅक्टेरियांच्या अनेक जाती मात्र पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच स्थिर करून वापरू शकतात. त्यामुळे नायट्रेट शून्यावर आले की चेटोमॉर्फासारखे उपयुक्त शेवाळ, प्रवाळांच्या ऊतींत राहणारे सहजीवी शैवाल आणि खडकांवरचे इतर सूक्ष्मजीव असे सगळे प्रतिस्पर्धी एकाच वेळी अडचणीत येतात आणि सायनोबॅक्टेरियांना फावते. फॉस्फरस मात्र त्यांना हवेतून मिळवता येत नाही, तो बाहेरूनच घ्यावा लागतो, आणि आपल्या टाकीत तो हवा तेवढा उपलब्ध आहे.

आता व्हिनेगरचे पाहू. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल हे जीवाणूंचे कार्बनी खाद्य आहे. ते खाऊन जीवाणू वाढतात, वाढताना पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शरीरात घेतात आणि स्किमर हे फेसाने घाण काढणारे यंत्र त्यांतले काही जीवाणू फेसाबरोबर बाहेर काढते, ही या पद्धतीमागची कल्पना योग्यच आहे. अडचण आहे ती प्रमाणाची. समुद्रातील प्लवकांच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे साधारण १६ अणू असतात. आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकन सागरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे हे गुणोत्तर आपल्या टेस्ट किटच्या भाषेत, म्हणजे नायट्रेट व फॉस्फेटच्या वजनात, सुमारे दहास एक असे होते. जीवाणूंचे प्रमाण तंतोतंत हेच नसले, तरी फॉस्फरसच्या कितीतरी पट नायट्रोजन त्यांनाही लागतो. याचा अर्थ असा की, व्हिनेगरच्या मार्गाने ०.१ पीपीएम फॉस्फेट काढायचे, तर त्याबरोबर एक पीपीएमच्या आसपास नायट्रेट खर्च होणार. आपल्या टाकीतले नायट्रेट केव्हाच संपले आहे. त्यानंतर दिलेल्या व्हिनेगरने फॉस्फेट उतरणे थांबते आणि ते खाद्य नको त्या चिकट थरांच्या वाढीस लागते. व्हिनेगर किंवा व्होडका देणाऱ्या टाक्यांत मात्रा वाढली की लाल थर येतो हा अनेकांचा अनुभव आहे.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे व्हिनेगर बंद करावे, पण एका दिवसात नव्हे. त्यावर वाढलेले जीवाणू एकदम मरू नयेत म्हणून दर आठवड्याला मात्रा एक-तृतीयांशाने घटवत तीन आठवड्यांत ती शून्यावर आणावी. दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटेल, परंतु मी ती पूर्ण विचाराने सांगतो : नायट्रेट वाढवावे. आपले उद्दिष्ट सुमारे ५ पीपीएमचे असावे. खाद्य वाढवूनही नायट्रेट वाढते, मात्र त्याबरोबर फॉस्फेटही वाढते. म्हणून येथे शुद्ध सोडियम नायट्रेट वापरणे अधिक सोयीचे आहे. शंभर लिटर पाण्यात नायट्रेट एक पीपीएमने वाढवण्यास सुमारे १३७ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट लागते. आपल्या टाकीत वाळू व खडक वगळता आणि सम्पमधले (टाकीखालच्या फिल्टर-टाकीतले) पाणी धरून २५० लिटर पाणी असेल असे मानले, तर ही मात्रा ०.३४ ग्रॅमच्या आसपास येते. दिवसाला एक पीपीएमपेक्षा अधिक वाढवू नये, प्रत्येक वेळी आधी चाचणी घ्यावी आणि पदार्थ प्रयोगशाळेच्या किंवा खाद्य दर्जाचा असावा. शेतीच्या खतात इतर क्षार व धातू असू शकतात, त्यामुळे ते टाकीत जाता कामा नये. पहिले काही दिवस दिलेले नायट्रेट दुसऱ्या दिवशी नाहीसे झालेले दिसेल. टाकी नायट्रोजनसाठी किती आसुसलेली होती, याचाच तो पुरावा समजावा.

फॉस्फेटच्या बाबतीत घाई करू नका. दाणेदार फेरिक ऑक्साइड हे फॉस्फेट शोषून घेणारे माध्यम उत्तम काम करते, परंतु पूर्ण मात्रेने ते दोन-तीन दिवसांत फॉस्फेट तळाला नेऊ शकते आणि त्याचा फटका सर्वांत आधी मोंटिपोरासारख्या काष्ठप्रवाळांना बसतो. निम्म्या मात्रेने सुरुवात करून महिन्याभरात ०.०५ पीपीएमच्या आसपास यावे. मध्येच आकडा खाली जाऊन पुन्हा वर येईल. कॅल्शियम कार्बोनेटचे खडक आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात व पाण्यातले प्रमाण उतरले की साठ्यातले थोडे थोडे सोडत राहतात. दोन वर्षांत खडकांनी जे साठवले आहे ते दोन आठवड्यांत निघणार नाही. या काळात क्षारता (तिचे एकक डीकेएच) ८ ते ९ डीकेएचवर स्थिर ठेवावी, कारण कमी पोषण आणि चढी क्षारता यांचा एकत्र मारा काष्ठप्रवाळांच्या टोकांना सोसत नाही.

येथवर पाण्याबद्दल झाले. परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यापुढचे आहे. आपण चाचणी पाण्याची घेतो, आणि सायनोबॅक्टेरिया राहतात ते वाळूवर साचलेल्या गाळावर. थराच्या आतली परिस्थिती टाकीतल्या पाण्यापेक्षा फार वेगळी असते. दिवसा थर स्वतः ऑक्सिजन सोडतो. रात्री तोच थर आणि त्याखाली कुजणारा गाळ ऑक्सिजन वापरून टाकतात, चिकट आवरणामुळे बाहेरचे पाणी आत पोहोचत नाही आणि थराखाली ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही. अशा स्थितीत गाळात लोहाशी बांधले गेलेले फॉस्फेट मोकळे होते आणि ते पाण्यात मिसळण्याआधीच वरच्या थराला आयते मिळते. म्हणूनच काही टाक्यांत नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवत असतानाही लाल थर वाढत राहतो. थर कोठे येतो हे आकड्यांइतकेच लक्ष देऊन पाहावे.

त्यासाठी एक साधी तपासणी करावी. सर्व पंप नेहमीप्रमाणे चालू ठेवून, रबरी फुगा असलेल्या मोठ्या पिपेटने खडकांच्या फटींत आणि पायथ्याशी पाण्याचा झोत मारावा आणि उडालेला करडा-तपकिरी गाळ कोणत्या वाटेने जातो हे दोन मिनिटे शांतपणे पाहावे. काही कण वर उचलले जाऊन ओव्हरफ्लोकडे, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या जागेकडे, जातील. काही एखाद्या खडकामागे गोल फिरून तेथेच बसतील. ते जेथे बसतात तेथेच बहुधा थर सर्वांत जाड असतो. मिश्र प्रवाळांच्या टाकीत दर तासाला टाकीच्या घनफळाच्या वीस ते चाळीस पट पाणी फिरावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते, परंतु हा आकडा गाठूनही मागच्या कोपऱ्यातले पाणी निश्चल असू शकते. वेव्हमेकरची, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची, शक्ती वाढवण्याआधी त्याची दिशा बदलून पाहावी. समोरासमोरच्या दोन पंपांना आलटून पालटून चालवावे. खडकांची भिंत मागच्या काचेला टेकली असेल तर ती पुढे घ्यावी किंवा खाली आधार देऊन पायथ्याशी पाण्याला वाट करून द्यावी. माझ्या मते चिवट सायनोच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत हीच दुरुस्ती निर्णायक ठरते, आणि तीच सर्वांत शेवटी केली जाते.

थर हाताने काढण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी दिवे लागण्यापूर्वी तो विरळ दिसतो आणि वाळूला चिकटलेला असतो. दुपारनंतर त्याच्याखाली ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे साचतात, कडा सुटून वर उचलल्या जातात आणि संपूर्ण पापुद्रा सैल होतो. त्या वेळी पंप बंद करावेत, आतला व्यास सुमारे सहा मिलिमीटर असलेली नळी सायफनसारखी लावून तिचे तोंड कडेपासून तिरपे न्यावे आणि नळीचे दुसरे टोक बोटाने दाबून ओढ कमी-जास्त करावी. असे केल्यास पापुद्रा अखंड नळीत जातो आणि वाळू फारशी जात नाही. ब्रशने घासून थर पाण्यात विस्कटू नये, कारण तुटलेला प्रत्येक तंतू नव्या जागी वाढू शकतो. हे काम पाणी बदलताना, म्हणजे आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी काढतानाच करावे. वाळूचा थर दोन-तीन सेंटिमीटरचा असेल, तर प्रत्येक वेळी तिचा एक-चतुर्थांश भाग तळापर्यंत स्वच्छ करावा. थर दहा सेंटिमीटर किंवा त्याहून खोल असेल, तर मात्र खालचा भाग ढवळू नये. तेथे विषारी हायड्रोजन सल्फाइड साचलेले असू शकते.

फिल्टर सॉक (पाणी गाळणाऱ्या पिशव्या) तीन-चार दिवसांनी बदलावेत, कारण त्यांत अडकलेली घाण तेथेच कुजून पुन्हा पाण्यात विरघळते. टाकीत भर घालण्याचे पाणी आरओ-डीआयचेच (क्षार काढून शुद्ध केलेलेच) असावे आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ते शून्य दाखवावे. गोठवलेले खाद्य धुऊन देण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. त्याने थोडा फरक पडतो, पण फॉस्फेटचा मोठा भाग खाद्याच्या पाण्यात नसून खाद्यातच असतो, त्यामुळे किती धुतले यापेक्षा माशांनी किती खाल्ले आणि किती तळाला गेले याकडे लक्ष द्यावे.

या सर्वांचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थर परत येईलच, पण पातळ येईल आणि कमी जागेवर येईल. तो दर आठवड्याला काढत राहावे, आणि या काळात दुसरे कोणतेही नवे द्रव्य टाकू नये. नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही.

प्रश्न : माझ्या टाकीतला थर लाल नसून तपकिरी आहे. त्यातून धागे लोंबतात आणि बुडबुडेही दिसतात. हा सायनो आहे की डायनो, हे घरी कसे ओळखावे?

उत्तर : उपाय सुरू करण्याआधी आपण हा प्रश्न विचारलात हे फार बरे झाले, कारण या दोहोंवरचे काही उपाय परस्परविरोधी आहेत. डायनोफ्लॅजेलेट्स (डायनो) हे एकपेशीय सूक्ष्मजीव बहुधा अतिस्वच्छ, पोषणहीन पाण्यात माजतात. सायनो समजून कोणी फॉस्फेट आणखी खाली नेले, तर डायनोंचे काम सोपे होते.

रंगावर विसंबू नये. सायनोबॅक्टेरिया लाल, जांभळे, हिरवे, काळपट आणि तपकिरीही असतात. त्यांचा थर पापुद्र्यासारखा एकसंध निघतो. डायनोंचा थर शेंबडासारखा तुटतो, त्याचे धागे प्रवाहात हलतात आणि धाग्यांच्या टोकाशी बुडबुडे अडकलेले असतात. वाळूवर नुसती सोनेरी-तपकिरी भुकटी दिसत असेल, तर ते बहुधा डायटम हे सूक्ष्म शैवाल असतात आणि नव्या टाकीत ते आपोआप ओसरतात.

दोन घरगुती चाचण्या उपयोगी आहेत. थराचा तुकडा टाकीच्याच पाण्यासह लहान बाटलीत घेऊन जोरात हलवावा, कागदी फिल्टरमधून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर प्रकाशात ठेवावे. पाण्यात पुन्हा तपकिरी धागे जमू लागले, तर डायनोंची शक्यता मोठी, कारण त्यांच्या सुट्या पेशी फिल्टरमधून निसटून पुन्हा एकत्र येतात. दुसऱ्या चाचणीत थराचा तुकडा वाळवून, चुरडून, थोड्या गोड्या पाण्यात रात्रभर ठेवावा. सायनोबॅक्टेरियांची फायकोबिलिन-प्रथिने ही रंगद्रव्ये पाण्यात विरघळतात, त्यामुळे पाणी गुलाबी, जांभळे किंवा निळसर होते. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून साध्या हिरव्या शेवाळाने पाणी असे रंगत नाही.

तरीही माझा आग्रह सूक्ष्मदर्शकाचा आहे. विद्यार्थ्यांसाठीचा साधा सूक्ष्मदर्शक यासाठी पुरेसा होतो. काचपट्टीवर एक थेंब घेऊन १०० पटीत पाहिले, तर सायनोबॅक्टेरियांचे लांब, न फुटलेले तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात. ४०० पटीत त्यांतील एकेक तंतू रचून ठेवलेल्या नाण्यांच्या चळतीसारखा आडव्या रेघांनी विभागलेला दिसतो, आणि थोडा वेळ थांबल्यास तो अतिशय सावकाश सरकतानाही दिसतो. डायनोंच्या पेशी सुट्या, गोलसर किंवा तांबूस-तपकिरी बदामी आकाराच्या असतात आणि पोहतात. ऑस्ट्रिऑप्सिस ही जात एका टोकाला बांधल्यासारखी जागच्या जागी गिरक्या घेते. ती दिसली, तर टाकीत हात घालताना हातमोजे वापरावेत आणि गोगलगाई मरत आहेत का याकडे लक्ष ठेवावे, कारण तिच्या काही प्रजाती विषारी आहेत. अनेकदा एकाच थेंबात दोन्ही सापडतात. तसे झाल्यास आधी डायनोंचा विचार करावा : नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत येऊ द्यावे आणि सायनोला मारण्याची घाई करू नये. सायनो एकदम नाहीसे झाल्यावर मोकळी झालेली जागा डायनोंनी व्यापल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

प्रश्न : एरिथ्रोमायसिन वापरल्यास सायनो हमखास जातात असे ऐकले. औषधांच्या दुकानातल्या गोळ्या टाकीत टाकल्या तर चालेल का?

उत्तर : माणसांसाठीच्या गोळ्या टाकीत टाकू नयेत. त्यांत औषधाखेरीज बंधक, आवरण व रंग असतात. शिवाय प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊन ते लिटरांवारी पाण्यात मिसळणे ही योग्य गोष्ट नव्हे.

एरिथ्रोमायसिन जीवाणूंची प्रथिने तयार करण्याची यंत्रणा बंद पाडते आणि सायनोबॅक्टेरिया जीवाणू असल्यामुळे त्यांच्यावर ते चालते, हे खरे आहे. परंतु नायट्रीकरण करणारे (अमोनियाचे नायट्रेट बनवणारे) आणि खडकांवर वर्षानुवर्षे स्थिरावलेले इतर जीवाणूही जीवाणूच आहेत. त्यांतले किती तगतील हे प्रत्येक टाकीत वेगळे असते. त्याशिवाय वारंवार अपुऱ्या मात्रा दिल्याने औषधाला न जुमानणारे जीवाणू उरतात, आणि औषधमिश्रित पाणी शेवटी गटारात जाते.

मत्स्यालयासाठी तयार मिळणारी लाल थरावरची औषधे मी शेवटचा पर्याय मानतो, आणि तोही कारणे दूर केल्यानंतरच. थर प्रवाळांवर चढून त्यांना झाकू लागला असेल व हाताने काढणे पुरत नसेल, तेव्हा एकदा वापर समर्थनीय ठरतो. वापरायचेच असेल, तर आदल्या दिवशी शक्य तितका थर सायफनने काढावा, म्हणजे मरून कुजणारा ऐवज कमी राहील. पाण्याचे खरे घनफळ मोजूनच मात्रा ठरवावी. सक्रिय कार्बन काढावा, यूव्ही दिवा बंद ठेवावा. स्किमर या काळात फेसाने ओसंडून वाहतो, म्हणून त्याचा कप काढून ठेवावा किंवा तो वेष्टनावरील सूचनेप्रमाणे बंद ठेवावा. मात्र स्किमर बंद म्हणजे ऑक्सिजनची मोठी वाट बंद, तेव्हा एअर पंप आणि एअर स्टोन पहिल्या मिनिटापासून चालू असलाच पाहिजे. औषध सुरू असताना रात्री मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने भराभर श्वास घेताना दिसले, तर वाट न पाहता पाणी बदलावे. अमोनियाची चाचणी रोज घ्यावी. सूचनेत सांगितलेला काळ संपला की साधारण २० टक्के पाणी बदलून सक्रिय कार्बन पुन्हा लावावा.

प्रश्न : तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवण्याचा उपाय कितपत खात्रीचा आहे? तसेच निळा प्रकाश कमी केल्यास फायदा होतो का?

उत्तर : अंधाराने थर विरळ होतो, मूळ कारण जात नाही. हाताने काढण्याच्या कामास जोड म्हणून हा उपाय चांगला आहे, आणि औषधापेक्षा मी तो केव्हाही आधी करीन. आधी थर काढून घ्यावा, टाकी चारही बाजूंनी जाड कापडाने किंवा पुठ्ठ्याने झाकावी, सम्पमधील रिफ्युजियमचा (शेवाळ वाढवण्याच्या कप्प्याचा) दिवाही बंद करावा. प्रकाशसंश्लेषण थांबल्याने ऑक्सिजन घटतो व पीएच उतरतो, म्हणून स्किमर व हवा सुरू हवी. खाद्य अगदी थोडे द्यावे. निरोगी प्रवाळ ७२ तासांचा अंधार सहसा सोसतात. त्यापुढे ताणू नये. नंतर दिवे एकदम पूर्ण तीव्रतेने लावू नयेत, आठवडाभरात हळूहळू वाढवावेत.

प्रकाशाच्या रंगाबद्दल : सायनोबॅक्टेरियांची फायकोबिलिन रंगद्रव्ये हिरवा, पिवळा आणि नारिंगी प्रकाशही टिपतात, जो इतर शेवाळांना फारसा वापरता येत नाही. त्यामुळे कमी करायचा झाल्यास निळा नव्हे, तर पांढरा व तांबडा भाग कमी करावा. टी-५ प्रकारच्या फ्लुरोसंट ट्यूब वापरत असाल आणि त्या वर्षभराहून जुन्या असतील, तर बदलाव्यात, कारण वयाबरोबर त्यांचा वर्णपट सरकतो. दिव्यांचा एकूण कालावधी आठ-नऊ तासांपेक्षा जास्त ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न : हा थर प्रवाळांना खरोखर मारतो, की केवळ दिसायला वाईट? आणि तो टाकीतून कायमचा घालवता येतो का?

उत्तर : मारू शकतो. थर प्रवाळाच्या ऊतीवर चढला की प्रकाश अडतो, आणि त्याखाली वर सांगितल्याप्रमाणे ऑक्सिजन संपून सल्फाइड साचू लागते. निसर्गात याचे उग्र रूप म्हणजे काळ्या पट्ट्याचा रोग. कॅरिबियन प्रवाळखडकांवरून १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रथम नोंदवल्या गेलेल्या या रोगात तंतुमय सायनोबॅक्टेरिया आणि सल्फर-चक्रातील जीवाणूंचा एक गडद पट्टा प्रवाळावरून पुढे सरकत जातो आणि मागे फक्त पांढरा सांगाडा उरतो. टाकीतला नेहमीचा लाल थर हा तो रोग नव्हे, पण ऊती मारण्याची रीत जवळची आहे. म्हणून प्रवाळाच्या बुडाशी थर आलेला दिसला, तर वाळूवरचा सोडून आधी तो काढावा.

कायमचा घालवता येईल का, याचे प्रामाणिक उत्तर नाही असे आहे. पृथ्वीच्या वातावरणात सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साचू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शार्क उपसागरात त्यांनी बांधलेले स्ट्रोमॅटोलाइट आजही वाढत आहेत. प्रत्येक निरोगी प्रवाळखडकावर आणि प्रत्येक निरोगी टाकीत ते थोड्या संख्येने असतातच, आणि पोषक द्रव्यांच्या चक्रात त्यांचे काम मोलाचे आहे. एखाद्या कोपऱ्यात हाताच्या तळव्याएवढा डाग अधूनमधून दिसत असेल आणि पसरत नसेल, तर त्याच्यासाठी संपूर्ण टाकी वेठीला धरू नये.

प्रश्न : सायनो खाणारे मासे किंवा गोगलगाई सुचवा.

उत्तर : भरवशाने खाणारा प्राणी मी सुचवू शकत नाही. बहुतेक प्राणी या थराला तोंड लावत नाहीत आणि काही जातींत विषारी द्रव्येही असतात. नॅसारियस व सेरिथ गोगलगाई आणि वाळू चाळणारे गोबी वाळू हलती ठेवतात, उरलेले खाद्य संपवतात. तेवढा उपयोग खरा आहे. पण वाळू चाळणाऱ्या गोबीला पुरेसे खाद्य असणारी जुनी, मोठी टाकी लागते, लहान टाकीत तो उपाशी मरतो. केवळ थरासाठी म्हणून तो आणू नये.

प्रश्न : माझी टाकी कोरड्या खडकांवर उभारलेली असून जेमतेम तीन महिन्यांची आहे. आत्ताच सगळीकडे लाल थर आला आहे. सर्व काढून नव्याने सुरुवात करावी का?

उत्तर : मुळीच नाही. कोरड्या खडकांच्या पृष्ठभागावर अजून कोणाचीच वस्ती नसते, त्यामुळे जो वेगाने वाढतो तो आधी जागा घेतो : प्रथम डायटम, मग सायनो, मग हिरवे शेवाळ असा क्रम बहुतेक नव्या टाक्यांत पाहायला मिळतो. नव्याने सुरुवात केलीत, तर हेच तीन महिने पुन्हा काढावे लागतील. आपल्या टाकीला आता विविधता हवी आहे. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतला खडकाचा तुकडा किंवा मूठभर वाळू मिळाल्यास ती घालावी, मात्र त्या टाकीत ॲप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल किंवा ब्रायॉप्सिस हे चिवट शेवाळ नाही याची आधी खात्री करून घ्यावी. कोरलाइन या खडकावर चढणाऱ्या कठीण शैवालाचे गुलाबी ठिपके दिसू लागले की खडक भरत चालले असे समजावे. तोपर्यंत मासे कमी ठेवावेत, नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर जाऊ देऊ नयेत, आठवड्याला एकदा थर काढावा आणि औषधाची बाटली उघडू नये.